घड्याळरावांनी शब्द ऐकले

बँडमध्ये त्यांना सगळे घड्याळराव म्हणत, आणि तेही त्या नावावर खूश होते. एकोणतीस वर्षं ते ड्रम वाजवत होते, पण त्यांच्या हातून एकही गाणं कधी पुढे पळालं नाही की मागे रेंगाळलं नाही. मधेच दिवे जावोत, नवरदेव घसरून पडो, गायिकेला उचकी लागो, घड्याळरावांचा ठेका आपला जागच्या जागी. दिवसा ते पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या कारखान्यात मशीनवर उभे असत. ते मशीन मिनिटाला बहात्तर खोकी काढायचं. त्यात जरा बिघाड झाला की दुरुस्तीवाल्याच्या आधी घड्याळरावांना कळायचं. "सत्तरावर आलंय," ते म्हणायचे, आणि मोजून पाहावं तर सत्तरच.

इतक्या हुशार माणसात काहीतरी खोट निघायचीच. घड्याळरावांना गाण्याचे शब्द ऐकू येत नसत. कान चांगले तिखट होते, पण शब्द म्हणजे त्यांच्या लेखी ठेक्यावर लादलेलं सामान. गाडी नीट चालली पाहिजे, आत बटाटे आहेत की पुस्तकं, हे ड्रायव्हरने कशाला बघायचं? त्यांच्या वहीत गाण्यांची नावंसुद्धा नव्हती, मिनिटाला ठोके किती तेवढे आकडे होते. 'एकशे अठ्ठावीस, टाळी दुसऱ्यावर.' 'एकशे चार, शेवटी दोनदा थांबा.' 'चौऱ्याऐंशी, ब्रशने.' अशी दोनशे गाणी त्या वहीत होती, आणि त्यांतलं एकही कशाबद्दल आहे ते वहीच्या मालकाला ठाऊक नव्हतं.

त्यांची बायको कृत्रिम पाय बनवायची. बनवायची आणि बसवायचीही. माणूस त्या पायावर नीट चालू लागेपर्यंत त्याच्याबरोबर चालायची. तिचं काम इतकं चोख होतं की दूरच्या शहरातल्या एका मोठ्या रुग्णालयाने तिला नव्या लोकांना शिकवायला बोलावून नेलं होतं. नऊ महिन्यांसाठी. त्यातले आठ महिने झाले होते. आणि आता ते लोक म्हणत होते, आणखी दोन वर्षं राहा, सगळा विभागच सांभाळा.

बुधवारी संध्याकाळी साडेसातला नेहमीप्रमाणे तिचा फोन आला.

"सोमवारी सकाळी त्यांना काय ते सांगायचंय," ती म्हणाली. "तुझं काय म्हणणं?"

"मोठी संधी आहे," घड्याळराव म्हणाले.

"ते मलाही कळतं. तुझं म्हणणं विचारतेय."

"तुला योग्य वाटेल ते कर."

 मग ती म्हणाली, "बरं. बेसिनचा नळ अजून गळतो का?" नळाची हकिगत मात्र घड्याळरावांनी अगदी तपशीलवार सांगितली. कुठला वायसर, कुठल्या दुकानातला, तो बसतानाच कसा फाटला. नळाबद्दल या माणसाचं तोंड असं मोकळं सुटायचं की ऐकत राहावं. फोन ठेवल्यावर ते बराच वेळ स्वयंपाकघरात उभे राहिले. काहीतरी चुकलं एवढं त्यांना कळलं होतं, पण कुठल्या मात्रेवर ते सापडत नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी बँडच्या गायिकेने त्यांना कामाला लावलं. गाणाऱ्या बाई एका शाळेत गणित शिकवायच्या आणि माणसांशीही फळ्यापुढे उभं केल्यासारखं बोलायच्या.

"घड्याळराव, रविवारचा कार्यक्रम जहाजावर काम करणाऱ्यांच्या घरच्यांचा आहे. त्यांना सगळी गाणी आठवणींची हवीत. कुणीतरी दूर गेलंय, कुणाची तरी वाट बघतोय, अशी. जुनी, नवी, सगळ्या तऱ्हेची. पण त्यांच्या अध्यक्षबाईंनी बजावलंय, रडकी चालणार नाहीत. म्हणाल्या, रडायला आम्ही हॉल घेत नाही, ते आमचं घरच्या घरी होतं."

"मग?"

"मग उडत्या ठेक्याची बारा गाणी तुमच्या वहीतून काढा. शब्द तपासून काढा. माझ्या उत्तरपत्रिका तपासायच्या आहेत."

"शब्द मी तपासू?"

"वाचता येतं ना तुम्हाला? मग ऐकताही येईल."

झालं! गुरुवारी कारखान्याला सुट्टी होती. घड्याळराव दुपारी जेवणाच्या टेबलाशी बसले, कानांवर हेडफोन चढवले आणि आयुष्यात पहिल्यांदा माणूस काय म्हणतोय ते ऐकू लागले. पहिलंच गाणं होतं एकशे अठ्ठावीस, टाळी दुसऱ्यावर. नवरानवरी हॉलमध्ये येतात तेव्हा बँड हेच वाजवायचा. लोक खुर्च्या सोडून नाचायचे. घड्याळरावांनी दोन कडवी ऐकली, थांबवलं, पुन्हा सुरुवातीपासून ऐकलं आणि मेहुण्याला फोन लावला. मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, बँडमध्ये कीबोर्ड वाजवायचा.

"अरे, हे आपण लग्नात वाजवतो ते!"

"हां भाऊजी, मस्त चालतं."

"त्यात ती बाई त्याला सोडून गेलीय! कायमची! तो स्टेशनवर उभा राहून तिच्या गाडीला शिव्या घालतोय!"

"माहीत आहे."

"माहीत आहे? नऊ वर्षं आपण नव्या जोडप्यांच्या अंगावर फुलं टाकत हे वाजवतोय!"

"लोक नाचत असतात भाऊजी. शब्द कोण ऐकतंय?" मेहुणा म्हणाला, आणि मग जरा सावरून, "म्हणजे, तुम्ही सोडून बाकी सगळे ऐकतात तसे. पण ठेकाच असा आहे की राग येत नाही."

घड्याळरावांनी पुढचं लावलं. मग त्याच्या पुढचं. दुपार कलंडली तरी माणूस जागचा हलला नाही. त्यांनी एकोणतीस वर्षं हसत हसत जे वाजवलं होतं, त्यातली निम्मी माणसं कुणाच्या तरी नावाने झुरत होती. डिस्कोतली बाई नाचता नाचता दाराकडे बघत होती, तो येतो का म्हणून. लोकगीतातली सासुरवाशीण नदीवर सगळ्यांचे कपडे धूत होती, फक्त धन्याचा सदरा तेवढा धूत नव्हती, वास जाईल म्हणून. रॅपवाला पोरगा तावातावाने बोलत होता. ती इतकी बडबड कशाची, तर मोठा भाऊ परदेशी गेला आणि त्याचा दात घासायचा ब्रश अजून पेल्यात उभा आहे, याची. गझलेतल्या गृहस्थांना प्रियेची आठवण येत होती खरी, पण त्या आठवणीत ते स्वतः किती छान दिसतात याकडेच त्यांचं जास्त लक्ष होतं. आणि रॉकवाल्याचं म्हणाल, तर त्याला आठवण आली की ती आधी शेजाऱ्यांना कळत होती.

घड्याळराव एकेका गाण्यापुढे टिपत गेले. 'हिचा नवरा गेला.' 'याची आई.' 'याचा मित्र, बहुतेक भांडण.' 'कोण गेलं कळत नाही, पण गेलं.' त्यांना मजा वाटू लागली होती. तऱ्हा किती, वाद्यं किती, आणि एकूण भानगड एकच. माणूस जवळ नाही, एवढं साधं वाक्य सरळ बोलायची सोय नाही म्हणून जगाने केवढा हा खटाटोप केला होता.

मग आलं चौऱ्याऐंशी, ब्रशने.

या गाण्याची गोष्ट वेगळी होती. दर वर्षी लग्नाच्या वाढदिवसाला बायको म्हणायची, "ते तुझं चौऱ्याऐंशीवालं वाजव." मग घड्याळराव बैठकीत छोटा ड्रम मांडायचे, टेपवर गाणं लावायचे आणि त्याच्या साथीला काठ्यांऐवजी तारांचे ब्रश फिरवायचे. फार नाजूक काम होतं ते, झाडूने पीठ गोळा केल्यासारखं. ती समोर बसून ऐकायची. संपलं की म्हणायची, "झालं?" ते म्हणायचे, "झालं. कसं होतं?" ती म्हणायची, "छान." सव्वीस वर्षं त्यांची समजूत होती की बायकोला आपलं ब्रशकाम आवडतं.

आता ते ऐकत होते. गाणारी बाई कुठेही गेली नव्हती आणि तिचा माणूसही कुठे गेला नव्हता. दोघं एकाच खोलीत होती. ती म्हणत होती, तू समोर बसून असतोस, तरी तुला पत्र लिहावंसं वाटतं.

घड्याळरावांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवले. त्यांना ओशाळल्यासारखं झालं, आणि त्याच्या खाली सरळ सरळ दुःख झालं. बायको सव्वीस वर्षं दर वाढदिवसाला एकच गोष्ट सांगत होती, आणि हे तिच्यापुढे बसून पीठ गोळा करत होते! त्या दिवशीही साडेसातला फोन आला. आज बोलायचंच असं ठरवून त्यांनी तो उचलला. "अगं," ते म्हणाले, आणि पुढे, "नळ बसवला एकदाचा." ती म्हणाली, "छान." तोच सूर होता. त्यांना तो आता ओळखू आला, आणि जिभेला जास्तच कुलूप लागलं.

शुक्रवारी आणि शनिवारीही हेच झालं.

रविवारी चार वाजता हॉल भरला. म्हातारेकोतारे, पोरं कडेवर घेतलेल्या सुना, दोन-चार पुरुष. अध्यक्षबाई सत्तरीच्या, ठेंगण्या आणि खणखणीत होत्या. नवरा, दोन मुलं आणि एक नात असं सगळं गोत त्यांनी जहाजांना देऊन टाकलं होतं. त्यांच्या संघटनेची एक पद्धत होती. प्रत्येक गाण्याआधी हॉलमधल्या एकाने माइक घ्यायचा आणि कुणाची आठवण येते ते सांगायचं.

"आणि नियम सगळ्यांना ठाऊक आहे," अध्यक्षबाई म्हणाल्या. "खूप आठवण येते, असं म्हणायचं नाही. ती इथे प्रत्येकालाच येते. त्या माणसाची एक गोष्ट सांगायची. एकच. आणि खरी."

एक नवी नवरी उठली. "तो आंघोळ करून ओला टॉवेल कॉटवर टाकतो. चार महिने कॉट कोरडी आहे." हॉल हसला आणि बँडने डिस्को सुरू केला. मग एक आजोबा. "माझी मुलगी जहाजाच्या इंजिनावर आहे. ती घरी असली की टीव्हीचा रिमोट माझ्या हाती लागत नाही. आता दिवसभर माझ्याच हातात असतो. काय बघू?" मग एक दणकट गृहस्थ. "बायको जहाजावर स्वयंपाकी आहे. घरी आली की चुलीकडे फिरकत नाही. मी करतो आणि ती नावं ठेवते. सध्या मी इतकं चांगलं करतोय आणि नावं ठेवायला कुणी नाही!" लोकांनी टाळ्या पिटल्या, रॉक सुरू झालं आणि दोन सुना पोरांसकट नाचायला लागल्या.

पाच गाणी झाल्यावर अध्यक्षबाईंनी मोहरा बँडकडे वळवला. "आता वाजवणाऱ्यांनीही बोलायचं. फुकट ऐकून घ्यायचं नाही."

गाणाऱ्या बाई चटकन म्हणाल्या, "माझी आई. मी गायला लागले की ती दुसऱ्या खोलीतून चूक सांगायची." मेहुणा म्हणाला, "माझी ताई. मी बेचाळीस वर्षांचा आहे, तरी ती जेवलास का विचारते. आता फोनवर विचारते, पण पानात वाढत नाही." एवढं बोलून त्याने भाऊजींकडे पाहिलं. माइक ड्रमपाशी आला.

घड्याळरावांनी माइक हातात घेतला. घसा साफ केला. "मी ठीक आहे," ते म्हणाले. "पुढचं गाणं घेऊया."

"ठीक आहे म्हणणारा एक तरी आमच्याकडे दर वर्षी असतोच," अध्यक्षबाई म्हणाल्या, आणि हॉल पुन्हा हसला. घड्याळरावांची मान ब्रश शोधायच्या निमित्ताने खाली गेली, कारण पुढचं गाणं चौऱ्याऐंशी होतं; उडत्या ठेक्याचं नसूनही त्यांनी स्वतःच ते यादीत घातलं होतं.

सुरुवात बरी झाली. बाई गाऊ लागल्या. आणि घड्याळरावांच्या ध्यानात आलं की एकदा ऐकलेले शब्द परत न ऐकल्यासारखे करता येत नाहीत. तू समोर बसून असतोस. ब्रश जड झाला. त्र्याऐंशी. तरी तुला पत्र लिहावंसं वाटतं. ऐंशी. मेहुण्याने चमकून मागे पाहिलं. अठ्ठ्याहत्तर. बाई एक ओळ ओढून धरून वाट बघत राहिल्या, कारण ठेका येतच नव्हता. एकोणतीस वर्षांत पहिल्यांदा घड्याळ मागे पडलं होतं. पहिल्या रांगेत अध्यक्षबाईंनी काय ओळखायचं ते ओळखलं आणि टाळी धरली. बघता बघता सगळ्या हॉलने धरली, आणि त्या टाळ्यांच्या आधाराने गाणं लंगडत का होईना, तीराला लागलं.

"मध्यंतर!" बाईंनी जाहीर करून टाकलं. मग माइक बंद करून त्या ड्रमपाशी आल्या. "पंधरा मिनिटं आहेत. फोन करा."

"कुणाला?"

"घड्याळराव, मी रोज चाळीस मुलांची सोंगं बघते. तुमचं एकेचाळिसावं बघायला मला वेळ नाही. उठा."

हॉलच्या मागच्या बाजूला जादा खुर्च्या एकमेकींवर रचून ठेवल्या होत्या. उन्हं अजून होती. घड्याळरावांनी उभ्यानेच नंबर लावला. साडेसात वाजायला दोन तास बाकी होते, म्हणून ती घाबरूनच बोलली.

"काय झालं? बरा आहेस ना?"

"बरा आहे. ऐक. मधे बोलू नकोस, नाहीतर मी नळावर जाईन."

"बोल."

"तू चालतेस ना घरात, ते मिनिटाला अठ्ठ्याण्णव पडतं. शंभराला दोन कमी. सकाळी, संध्याकाळी, रागात असलीस तरी तेवढंच. आणि त्यात तुझं डावं पाऊल जरा उशिरा पडतं. अगदी जरासं. आठ महिने घरात तो ठेका नाही. मी उठतो आणि मला हात कुठे ठेवायचा ते कळत नाही. आत्ता मी गाणं पाडलं. भर हॉलमध्ये. माझ्याने वाजवलं जात नाहीये गं."

 

"डावं?" ती म्हणाली.

"डावं."

"अरे, मी दिवसभर लोकांना चालवून त्यांच्या चाली बघते. जरा कुणाचं पाऊल उशिरा पडलं की मला लांबून कळतं. माझं पडतं, हे मला आजवर कुणी सांगितलं नाही."

"मला वाटलं, तुला ठाऊक असेल."

"मला काहीच ठाऊक नव्हतं," ती म्हणाली. "मला तर वाटायचं, मी घरात चालते हेसुद्धा तुला ठाऊक नाही."

 घड्याळरावांनी शब्द सुचायची वाट बघणं सोडून दिलं. "राहू नकोस तिथे," ते म्हणाले. "घरी ये. तुला राहायचंच असेल तर मी तिकडे येतो, खोकी काय, कुठेही बनतात. पण दोन वर्षं नको. मला नाही जमणार."

"मला राहायचं नव्हतंच रे. नको राहूस, असं म्हणणारं कुणीतरी हवं होतं. चार दिवस वाट बघतेय, तर तू मला वायसर सांगतोयस!" ती रडत होती की हसत होती, ते त्यांना नीट कळेना; बहुतेक दोन्ही असावं. "उद्या सकाळी त्यांना नाही म्हणून सांगते. हा महिना पुरा करते आणि येते."

"नक्की?"

"नक्की. आणि निघायच्या आधी इथे त्या डाव्या पायाचं बघून घेते. सगळी मशीनं इथेच आहेत. बुटात पातळशी पट्टी घातली की एका दिवसात सरळ पडेल."

"अजिबात नाही!" घड्याळराव इतक्या जोरात ओरडले की चहाचा कप घेऊन बाहेर आलेल्या अध्यक्षबाई दारातच थबकल्या. "पट्टीबिट्टी काही घालायची नाही. त्या पायाला कुणी हात लावायचा नाही. जसा पडतो तसाच घेऊन ये."